स्काला : एका सभासद-चित्रपटगृहाची पंधरा वर्षे

भयपट रंगात आलेला आहे, पडद्यावरची मुलगी तळघराच्या पायऱ्या उतरते आहे, आणि नेमकी त्याच वेळी आपल्या पायाखालची जमीन थरथरते. लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातल्या स्काला चित्रपटगृहात हा अनुभव पुन्हा पुन्हा येत असे. इमारतीखालून रेल्वेगाड्या जात आणि त्यांची घरघर जमिनीतून खुर्चीत, खुर्चीतून पाठीच्या कण्यात शिरे. नवखा प्रेक्षक दचकायचा. जुना सभासद ‘गाडी गेली’ असे मनाशी म्हणायचा आणि तरीही थोडासा दचकायचाच.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत साता समुद्रापलीकडच्या, तेही १९९३ साली बंद झालेल्या चित्रपटगृहाचा इतिहास कशाला, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येईल. याचे कारण त्या चित्रपटगृहाच्या दारातच होते. तिकीट काढण्याआधी तिथे सभासद व्हावे लागे. आपल्या फिल्म सोसायट्या ज्या तत्त्वावर उभ्या आहेत, म्हणजे सभासदांनी सभासदांसाठी चित्रपट आणायचे, जे बाजारात लागत नाही ते दाखवायचे आणि काय पाहावे हे प्रौढ माणसाने स्वतः ठरवायचे, त्याच तत्त्वावर स्काला उभे होते. फरक इतकाच, की आपण या तत्त्वाचा उपयोग बहुतेक करून बर्गमन, फेलिनी, ओझू यांच्यासाठी केला. स्कालाने तोच उपयोग भयपटांसाठी केला, हिणवल्या गेलेल्या, कापल्या गेलेल्या, नाकारल्या गेलेल्या चित्रपटांसाठी केला आणि तितक्याच आस्थेने केला. त्या आस्थेचा हा इतिहास आहे.

‘स्काला’ हे नाव चित्रपटगृहापेक्षा बरेच जुने. मध्य लंडनमध्ये शार्लट स्ट्रीट आणि टॉटनहॅम स्ट्रीट मिळतात तिथे स्काला नावाचे नाट्यगृह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधले गेले. नाटकांना तिथे फारसे यश आले नाही. १९११ मध्ये चार्ल्स अर्बन या निर्मात्याने ते भाड्याने घेतले आणि तिथे किनेमाकलर पद्धतीचे रंगीत चित्रपट दाखवायला सुरुवात केली. लाल आणि हिरव्या काचांमधून चित्रण करायचे आणि तशाच काचांमधून ते पडद्यावर टाकायचे, अशी ती पद्धत. या नाट्यगृहात सर्वांत गाजलेला कार्यक्रम आपल्या देशातला होता. डिसेंबर १९११ मध्ये राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरले आणि दिल्लीत दरबार भरला. त्या दौऱ्याचे किनेमाकलर चित्रण २ फेब्रुवारी १९१२ पासून स्कालात दाखवले जाऊ लागले. सुमारे अडीच तासांचा कार्यक्रम, सोबत वाद्यवृंद आणि रंगमंचावर ताजमहालाचा देखावा.

इथे मराठी वाचकाला थांबावेसे वाटेल असा एक योग आहे. याच फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला धुंडिराज गोविंद फाळके मुंबईहून लंडनला निघाले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केलेले, इंग्लंडात ओळखीचे कोणी नाही. त्यांनी तिथे विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र विकत घ्यायची व्यवस्था केली, हेपवर्थच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले आणि १ एप्रिलला ते परत आले. दरबाराचा रंगीत चित्रपट स्कालात गर्दी खेचत होता आणि भारतीय चित्रपटाचा जनक त्याच शहरात कॅमेऱ्याच्या किमती विचारत फिरत होता. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

ते जुने नाट्यगृह १९६९ मध्ये पाडले गेले. पाडण्यापूर्वी बीटल्सनी ‘अ हार्ड डेज नाइट’मधला जलशाचा प्रसंग तिथे चित्रित केला होता. त्या जागेवर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीच्या तळाशी एक छोटे चित्रपटगृह होते. १९७६ मध्ये ‘द अदर सिनेमा’ या राजकीय आणि प्रायोगिक चित्रपटांच्या वितरक संस्थेने ते चालवायला घेतले, पण वर्ष-सव्वा वर्षात तिची दमछाक झाली. १९७८ मध्ये तेच चित्रपटगृह स्काला या नावाने पुन्हा उघडले आणि लवकरच त्याची सूत्रे स्टीफन वूली या विशीतल्या तरुणाकडे आली. वूलीने इझलिंग्टनच्या ‘स्क्रीन ऑन द ग्रीन’ चित्रपटगृहात अगदी खालच्या पायरीपासून, प्रेक्षकांना जागा दाखवण्यापासून सुरुवात केलेली. चित्रपट निवडणाऱ्याने आधी काही काळ हातात बॅटरी घेऊन दाराशी उभे राहिले पाहिजे असे मला नेहमी वाटते. प्रेक्षक कुठे हसतो, कुठे उठून जातो, हे तिथूनच कळते.

वूलीने केलेला बदल सांगायला साधा आहे. इतर कलात्मक चित्रपटगृहे एक चांगला चित्रपट महिनाभर चालवत. स्काला रोज चित्रपट बदलू लागले. एका तिकिटात दोन, कधी तीन. लॉरेल-हार्डीच्या शेजारी तारकोव्हस्की, संगीतपटाच्या शेजारी झपाटलेले घर. मधल्या दालनात संगीत वाजत असे, खाणेपिणे चाले, वाद्यवृंदांचे कार्यक्रमही होत. १९८० च्या मे महिन्यात तेव्हा फारशा कोणाला माहीत नसलेल्या ‘स्पँडो बॅले’ या तरुण बँडने तिथे केलेला कार्यक्रम पुढे त्या काळाची खूण म्हणून सांगितला जाऊ लागला. मग चॅनेल फोर ही नवी दूरचित्रवाणी वाहिनी आली, तिला मुख्यालयासाठी ती इमारत हवी होती आणि १९८१ मध्ये स्कालाला जागा सोडावी लागली.

नवी जागा मिळाली ती किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ, पेंटनव्हिल रोडवर. कोपऱ्यावरची, डोक्यावर घुमटी असलेली पांढरी इमारत. ती १९२० मध्ये किंग्ज क्रॉस सिनेमा म्हणून सुरू झाली. बांधकाम पहिल्या महायुद्धाआधीचे, पण युद्धामुळे रखडलेले. मधल्या काळात तिथे विमानांचे सुटे भाग तयार होत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी तिचे नुकसान झाले. पुढे ती गोमाँ झाली, मग ओडियन झाली, १९७० मध्ये बंद पडली. त्यानंतर प्रौढांचे चित्रपट आणि रात्रभराचे रॉक जलसे असा तिचा प्रवास झाला. जुलै १९७२ मध्ये लागोपाठ दोन रात्री तिथे लू रीड आणि इगी पॉप गायले. मिक रॉक या छायाचित्रकाराने त्या रात्री टिपलेली छायाचित्रे ‘ट्रान्सफॉर्मर’ आणि ‘रॉ पॉवर’ या दोन तबकड्यांच्या वेष्टनांवर आली आणि रॉक संगीत ऐकणाऱ्या जगभरच्या घरांत पोचली. या वास्तूने घेतलेले शेवटचे सोंग मात्र सर्वांत विलक्षण. १९८० च्या सुमारास तिथे ‘प्रायमेटेरियम’ नावाचे माकडांविषयीचे प्रदर्शन भरवले गेले, आत कृत्रिम जंगल उभारून. ते चालले नाही.

म्हणून जुलै १९८१ मध्ये स्कालाने या जागेत पहिला खेळ लावला तो १९३३ च्या ‘किंग काँग’चा. वास्तूतल्या आधीच्या रहिवाशांची आठवण ठेवून केलेली ही निवड मला फार आवडते. नव्या घरात पाऊल टाकताना आपण वास्तुशांत करतो. त्यांनी महाकाय वानराला बोलावले.

किंग्ज क्रॉस तेव्हा आजच्यासारखे चकचकीत नव्हते. बंद पडलेली गोदामे, स्वस्त लॉज, रस्त्यावर उघडपणे चालणारा देहविक्रय, हेरॉइन. संध्याकाळनंतर सभ्य माणसे तिथे थांबत नसत. अशा जागी चित्रपटगृह चालवणे व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाचे होते, पण भाडे परवडत होते आणि स्थानक जवळ असल्याने लंडनच्या सगळ्या टोकांकडून, शहराबाहेरच्या गावांमधूनही पोरे येऊ शकत होती. आत पायऱ्या चढून गेले की उंच, उतरत्या रांगांचे प्रेक्षागृह. पाळलेली मांजरे अंधारात खुर्च्यांखालून फिरत आणि भयपट चालू असताना एखाद्याच्या मांडीवर उडी मारत. थंडीच्या दिवसांत आत कोट काढायची सोय नसे.

शनिवारच्या रात्री रात्रभराचे खेळ. उशिरा सुरुवात, एकामागून एक चार-पाच चित्रपट, आणि बाहेर पडावे तो रविवारची पहाट. भुयारी रेल्वे मध्यरात्रीनंतर बंद होई, तेव्हा आत आलेला माणूस सकाळपर्यंत तिथलाच. काहीजण चित्रपट पाहायला येत, काही झोपायला येत, काहींना त्या रात्री दुसरे छप्परच नसे. स्कालाने या तिघांत भेद केला नाही. आपल्याकडे गणेशोत्सवात रात्र रात्र पडदा लावून चित्रपट दाखवत त्या काळी मागच्या रांगेत घोंगडी पांघरून झोपणारा आणि पुढे मारामारी आली की बरोबर जागा होणारा प्रेक्षक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रात्र ओळखीची वाटेल.

या सगळ्याचा कणा म्हणजे महिन्याचे वेळापत्रक. मोठा घडीचा कागद, त्यावर दिवसाचे चौकोन, चौकोनात चित्रे आणि नावे, सगळे ठासून भरलेले. लोक ते घरी नेऊन भिंतीवर लावत. मांडणी माइक लीडमची. चित्रपटगृहाची खरी कलाकृती ही होती असे मी म्हणेन. चित्रपट दुसऱ्यांनी केलेले असतात. कोणता चित्रपट कोणाच्या शेजारी, कोणत्या वारी, किती वाजता, हे मात्र निवडणाऱ्याचे काम. डेव्हिड लिंचचा ‘इरेझरहेड’ एकटा पाहणे आणि जुन्या मूक चित्रपटाच्या जोडीने पाहणे यांत फरक आहे. शेजार बदलला की चित्रपट बदलतो. आपल्या मंडळाचे महोत्सव ज्यांनी आखले त्यांना हे सांगायला नको.

आणि हे काम कष्टाचे होते. रोज नवा खेळ म्हणजे रोज नव्या प्रती. पस्तीस मिलिमीटरचे एक रीळ साधारण वीस मिनिटांचे, म्हणजे दीड तासाच्या चित्रपटाची पाच रिळे. दोन-तीन चित्रपटांच्या जड डब्यांची ने-आण रोजची. प्रत वितरकाकडे शिल्लक आहे का, हक्क कोणाकडे आहेत, रिळे पूर्ण आहेत का, मधली किती फूट झिजून गेली, हे प्रत्येक नावामागे तपासावे लागे. पुष्कळ चित्रपटांच्या देशात एक-दोनच प्रती असत. ‘थंडरक्रॅक!’ हा कर्ट मॅकडॉवेलचा १९७५ चा कृष्णधवल चित्रपट, वादळी रात्री एका विचित्र घरात अडकलेल्या माणसांची कामुक आणि भयाण गोष्ट, स्कालात इतक्या वेळा दाखवला गेला की त्याचे नाव या चित्रपटगृहाशी कायमचे जोडले गेले. जॉन वॉटर्सचे ‘पिंक फ्लमिंगोज’ आणि ‘फीमेल ट्रबल’ हेही घरचेच.

वूलीनंतर कार्यक्रम ठरवण्याचे काम जोअॅन सेलर यांनी केले आणि १९८८ पासून जेन जाइल्स यांनी. सेलर पुढे ‘मॅग्नोलिया’ आणि ‘देअर विल बी ब्लड’ यांच्या निर्मात्या झाल्या. भयपट हा पोरांचा शौक आहे असा समज सगळीकडे आहे. ऐंशीच्या दशकातले लंडनमधले सर्वांत धाडसी भयपटांचे वेळापत्रक बराच काळ स्त्रियांनी आखले, ही नोंद म्हणून ठळकपणे करायला हवी.

आता थोडे कायद्याविषयी, कारण त्याशिवाय सभासदत्वाचा अर्थ कळत नाही. ब्रिटनमध्ये चित्रपटांवरचे नियंत्रण आगीच्या भीतीतून जन्माला आले. जुनी नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही. म्हणून १९०९ च्या कायद्याने चित्रपटगृहांना स्थानिक प्रशासनाचा परवाना सक्तीचा केला. कायद्याचा हेतू सुरक्षिततेचा, पण परवाना देणाऱ्याने हळूहळू अटी घालायला सुरुवात केली आणि न्यायालयांनी ते मान्य केले. आग विझवायच्या बादल्या मोजणारा अधिकारी पडद्यावर काय दिसते तेही पाहू लागला. चित्रपट व्यवसायाने १९१२ मध्ये स्वतःचे प्रमाणन मंडळ स्थापन केले, पण अंतिम शब्द नगरपालिकांचाच राहिला. यातून वाट निघाली ती सभासदांसाठीच्या खासगी खेळाची. १९२५ मध्ये आयव्हर माँटेग्यू आणि त्याच्या मित्रांनी लंडनमध्ये फिल्म सोसायटी काढली. जगभरच्या फिल्म सोसायट्यांच्या, म्हणून आपल्याही, पणजोबांपैकी ती एक. ‘बॅटलशिप पोटेमकिन’ लंडनकरांनी पहिल्यांदा पाहिला तो तिच्या खेळात, १९२९ मध्ये. आणि त्याच्या आदल्या वर्षी याच सोसायटीने मुर्नाउचा ‘नोस्फेराटू’ दाखवला, ज्याच्या सगळ्या प्रती नष्ट करा असा जर्मन न्यायालयाचा हुकूम होता, कारण ब्रॅम स्टोकरच्या पत्नीची परवानगी न घेता ‘ड्रॅक्युला’ची कथा उचलली होती. म्हणजे क्रांतिपट आणि भयपट हे दोघेही या एकाच दारातून आत आले. पुढे आपल्या चळवळीने एकाला दिवाणखान्यात बसवले आणि दुसऱ्याला ओसरीवर ठेवले. स्कालाने दोघांना एका पंक्तीत बसवले. या संस्थेचे मोठेपण मला यात दिसते.

१९७४ चा ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’ घ्या. टोबी हूपरने टेक्सासच्या रणरणत्या उन्हाळ्यात थोडक्या पैशांत केलेला हा चित्रपट. नाव ऐकून वाटते तेवढे रक्त त्यात नाही, जवळजवळ नाहीच. आहे ती एका मुलीची न संपणारी घाबरगुंडी आणि यंत्राचा आवाज. ब्रिटिश प्रमाणन मंडळाने तो १९७५ मध्ये नाकारला. कापायचे कुठे हेच कळेना, कारण भय एखाद्या दृश्यात नव्हते, ते सबंध चित्रपटात भिनलेले होते. बृहन्लंडन परिषदेने मात्र स्वतःच्या अधिकारात १९७६ मध्ये त्याला लंडनपुरती परवानगी दिली. देशभरासाठी तो मंजूर व्हायला १९९९ साल उजाडले. मधल्या तेवीस वर्षांत तो मोठ्या पडद्यावर जिथे पाहायला मिळे अशा मोजक्या जागांत स्काला होते.

ऐंशीच्या दशकात घरोघर व्हिडिओ आला. चित्रपटगृहांचे दिवस संपले असे सगळे म्हणू लागले. पण त्याच सुमारास वर्तमानपत्रांनी ‘व्हिडिओ नॅस्टी’ची ओरड सुरू केली, पोलीस दुकानांवर छापे घालू लागले, सरकारी वकिलांच्या कार्यालयाने आक्षेपार्ह चित्रपटांची यादी केली आणि १९८४ च्या कायद्याने प्रत्येक कॅसेटला प्रमाणपत्र सक्तीचे झाले. यात स्काला थेट ओढले गेले. वूलीने व्हर्जिनच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या निक पॉवेलबरोबर पॅलेस ही वितरण संस्था काढली होती. सॅम रेमीचा ‘द ईव्हिल डेड’ पॅलेसने १९८३ मध्ये चित्रपटगृहांत आणि व्हिडिओवर एकदमच आणला. तेव्हा हे कोणी करत नसे. कॅसेट तुफान खपली आणि तीच पोलिसांच्या डोळ्यांवर आली. ठिकठिकाणी खटले झाले. त्यात अडकलेले बहुतेक जण साधे दुकानदार होते, हे विसरू नये. पाच विद्यार्थी, जंगलातले झोपडे आणि कॅमेरा हाती घेऊन झाडांमधून धावणारा दिग्दर्शक. त्या चित्रपटात जो निर्मितीचा आनंद आहे तो न्यायालयाच्या कागदांत कुठेच दिसत नाही. प्रेक्षागृहात, दोन-तीनशे माणसांच्या किंकाळ्या आणि हशा एकत्र उठताना, तो लगेच कळायचा.

भयपट एकट्याने पाहायची गोष्ट नव्हे, असे माझे ठाम मत आहे. भुताची गोष्ट नेहमी घोळक्यात सांगितली जाते. कोकणात पावसाळ्याच्या रात्री पडवीत बसून गिऱ्हा, मुंजा आणि हडळीच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या त्यांना माहीत आहे, की घाबरण्यातली अर्धी मजा शेजारचा किती घाबरला हे पाहण्यात असते. स्काला ही अशी पडवी होती आणि तिथे गोष्टी साऱ्या जगातून येत. इटलीतून दारिओ अर्जेंतोचा ‘सस्पिरिया’, ज्याचे लाल आणि निळे रंग व्हिडिओच्या पडद्यावर नुसतेच लगदा होत. अमेरिकेतून रोमेरोचे चालते मुडदे, कॅनडातून क्रोनेनबर्ग. हाँगकाँगहून १९८७ चा ‘अ चायनीज घोस्ट स्टोरी’, पु सोंगलिंगच्या जुन्या चिनी कथेवरचा: वसुलीला निघालेला भोळा तरुण, पडके देऊळ, वृक्षाच्या रूपातली राक्षसीण आणि तिच्या कैदेतली प्रेमळ हडळ. हशा, तलवारबाजी, गाणी आणि शेवटी डोळ्यांत पाणी, हे सगळे एकाच चित्रपटात. लंडनच्या प्रेक्षकाला हे मिश्रण नवे होते; आपल्याला ते समजावून सांगावे लागत नाही. हाँगकाँगच्या चित्रपटांना ब्रिटनमध्ये जो भक्तवर्ग मिळाला तो घडवण्यात स्कालाच्या रात्रींचा मोठा वाटा आहे.

डेव्हिड लिंचच्या ‘इरेझरहेड’बद्दल वेगळे सांगितले पाहिजे. त्या चित्रपटात गोष्टीइतकेच महत्त्व आवाजाला आहे. अॅलन स्प्लेट आणि लिंच यांनी महिनोन्महिने खपून तयार केलेली यंत्रांची, वाफेची, वाऱ्याची अखंड घरघर. स्कालात खालून जाणारी गाडी त्यात मिसळून जाई आणि कोणता आवाज चित्रपटाचा, कोणता लंडनचा, हे सांगता येत नसे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास रेडिंगहून हा चित्रपट पाहायला आलेला एक मुलगा पुढे दिग्दर्शक झाला. त्याचे नाव पीटर स्ट्रिकलंड आणि त्याने २०१२ मध्ये ‘बर्बेरियन साउंड स्टुडिओ’ हा सबंध चित्रपट एका इटालियन भयपटाच्या ध्वनिमुद्रणावर केला. संस्था काय पेरते हे कधी कधी इतके स्पष्ट दिसते.

१९८७ मध्ये अॅलन जोन्स आणि स्टेफन जॅवोरझिन यांनी स्कालात ‘शॉक अराउंड द क्लॉक’ हा दिवस-रात्र चालणारा भयपट महोत्सव सुरू केला. भयपटांच्या चाहत्यांना तोवर आपल्यासारखे इतर आहेत हे मासिकांच्या पत्रव्यवहारातूनच कळत असे. इथे ते समोरासमोर भेटले.

समोरासमोर भेटणे आणखी एका समूहासाठी याहून महत्त्वाचे होते. तो काळ एड्सच्या भीतीचा होता आणि १९८८ मध्ये आलेल्या कलम २८ ने नगरपालिकांना समलैंगिकतेचा ‘प्रचार’ करायला बंदी घातली. ज्यांना घरी, शाळेत, कचेरीत तोंड उघडता येत नव्हते त्यांच्यासाठी जेने, जारमन, केनेथ अँगर यांचे चित्रपट दाखवणारे हे अंधारे प्रेक्षागृह सुरक्षित होते. भयपटांचे आणि समलिंगी प्रेक्षकांचे नाते अनेकांना चमत्कारिक वाटते. मला वाटत नाही. गावाने ज्याच्यामागे मशाली घेऊन धावायचे त्या राक्षसाची बाजू कोणाला कळणार?

आता शेवटाकडे यावे लागते. स्टॅन्ली कुब्रिकचा ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. चित्रपट पाहून तरुणांनी गुन्हे केले अशा बातम्या येऊ लागल्या, कुब्रिकच्या कुटुंबाला धमक्या आल्या आणि त्याने स्वतःच वितरकाला सांगून तो ब्रिटनपुरता मागे घेतला. सरकारने बंदी घातली नव्हती, पण परिणाम तोच. एका पिढीने हा चित्रपट फक्त ऐकला. पॅरिसला जाऊन पाहून येणारे लोक होते. स्कालाच्या सभासदांकडून त्याची मागणी वर्षानुवर्षे येत होती आणि १ एप्रिल १९९२ रोजी स्कालाने तो जाहिरात न करता दाखवला. हक्कधारकांना ते कळले, चित्रपटचोरीविरोधी संघटनेने खटला भरला आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या म्हणून जेन जाइल्स आरोपी झाल्या. १९९३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले.

इतिहास लिहिताना बाजू घेऊ नये म्हणतात. इथे हक्क स्पष्टपणे कुब्रिकच्या बाजूला होता आणि एखाद्या कलावंताने आपल्या मुलांच्या जिवाच्या भीतीने स्वतःची कृती झाकून ठेवली तर त्याला चूक म्हणवत नाही. तरीही, ज्या संस्थेचे सगळे जगणे ‘हे तुम्ही पाहा’ असे सांगण्यात गेले तिने तो एक दरवाजा ठोठावून पाहिला, यात मला लोभ दिसत नाही. कुब्रिक मार्च १९९९ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी तो चित्रपट ब्रिटनच्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला.

स्काला त्या खटल्यामुळेच बंद पडले असे सरसकट सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. जागेचा बारा वर्षांचा करार संपत आला होता, मंदी होती, किंग्ज क्रॉसच्या पुनर्विकासाचे ढग डोक्यावर होते आणि व्हिडिओने प्रेक्षक कमी केले होते. पॅलेस ही संस्था, जिने ‘द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज’ आणि किंग्ज क्रॉसच्याच रस्त्यांवर चित्रित झालेला ‘मोना लिसा’ काढला, ती १९९२ मध्ये कोलमडली होती. न्यायालयाचा खर्च या सगळ्यावरचा शेवटचा भार ठरला. जून १९९३ मध्ये स्काला बंद झाले.

इमारत १९९९ मध्ये संगीताचे क्लबघर म्हणून उघडली आणि स्काला हेच नाव तिने ठेवले. अॅलन जोन्स यांनी २००० मध्ये सहकाऱ्यांबरोबर लेस्टर स्क्वेअरजवळच्या प्रिन्स चार्ल्स चित्रपटगृहात ‘फ्राइटफेस्ट’ सुरू केला. तो दरवर्षी भरतो. प्रिन्स चार्ल्सवर २०२५ च्या सुरुवातीला जागेच्या करारावरून संकट आले तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. स्कालाच्या वेळी अशी सोय नव्हती.

जेन जाइल्स यांनी २०१८ मध्ये स्कालाचा इतिहास मोठ्या आकाराच्या ग्रंथात लिहिला आणि २०२३ मध्ये अली कॅटरॉल यांच्यासह ‘स्काला!!!’ हा माहितीपट केला. ग्रंथाचा गाभा म्हणजे ती मासिक वेळापत्रके, चौकोनांसकट पुन्हा छापलेली. कोणत्या वारी कोणता चित्रपट कोणाच्या जोडीला होता हे आज कोणालाही पाहता येते, कारण ते कागद कोणीतरी जपून ठेवले. आपल्या मंडळाच्या पहिल्या काही वर्षांची वेळापत्रके कार्यालयात नाहीत. पावसात एक कपाट भिजले त्यात ती गेली. ज्या सभासदांच्या घरी, पुस्तकात घातलेली, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेली अशी पत्रके असतील त्यांनी ती आणून द्यावीत. पिवळी पडलेली, फाटकी, मागे हिशेब लिहिलेली चालतील. प्रत काढून मूळ कागद परत दिला जाईल.